रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळ्या कशाला?

‘डॉक्टरताई, मी ४२ वर्षांची आहे. शिवणकाम करते, पावसाळ्यात भांगलायला जाते. मिस्टर २०१० साली गेले, तेव्हा माझीही तपासणी झाली आणि एचआयव्ही आहे असं कळलं. सीडी फोर, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, २१० होता. २०११ पासून गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवलेली नाही. गेली पाच वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या रिपोर्टवर “आढळला नाही” असं येतं, सीडी फोर ७४० आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, तो निगेटिव्ह आहे. मागच्या दिवाळीत त्याला सगळं सांगितलं. परवा तो म्हणाला, “आई, पांढऱ्या पेशी विषाणूला मारतात असं आम्हाला शिकवलं, मग तुझ्या का मारत नाहीत?” मला काही बोलता आलं नाही. माझ्याच शरीरात दम नाही, असं मनात येऊन रात्रभर झोप लागली नाही. त्यात दीर म्हणतात, रिपोर्टमध्ये काही येत नाही म्हणजे रोग गेला, आता गोळ्या थांबव. त्यांच्या ओळखीचा एक माणूस चाळीस दिवसांचं चूर्ण देतो. एक महिना गोळ्या बंद करून बघू का? माझं ताट-वाटी मी अजून वेगळंच ठेवते. – एक आई, सांगली जिल्हा’

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका प्रश्नाला थांबायला वेळ नाही, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. गोळ्या बंद करू नका. एक महिना नाही, आठ दिवसही नाहीत. का ते पुढे सांगते, पण घरच्या कामात हे पत्र अर्धंच वाचून बाजूला ठेवावं लागलं, तरी एवढं लक्षात राहू दे.

आता मुलाचा प्रश्न. त्याने विचारलं, ‘पेशी का मारत नाहीत?’ ‘तुझ्या शरीरात दम नाही का?’ असं त्याने विचारलेलं नाही, ते तुम्ही तुमच्या मनाने जोडलंत आणि रात्र जागून काढलीत. ते जोडलेलं खरं नाही. तुमच्या पेशी लढल्या आहेत, आजही लढत आहेत, आणि याचे पुरावे आहेत.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू बेसुमार वाढतो. एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या दहा लाखांहून जास्त प्रती सापडू शकतात. मग, कुठलंही औषध चालू नसताना, तो आकडा झपाट्याने खाली येतो. तुमच्या बाबतीतही हे झालं असणार. ते दिवस तुम्हाला आठवणारही नाहीत, दोन-चार दिवसांचा ताप आणि अंगदुखी म्हणून निघून गेले असतील. तो आकडा खाली आणण्यात सगळ्यात मोठा वाटा असतो पांढऱ्या पेशींपैकी सीडी एट नावाच्या पेशींचा. आपण त्यांना मारक पेशी म्हणू.

त्या काम कसं करतात ते मुलाला जरूर सांगा, त्याला आवडेल. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीची एक सवय असते. आत जी प्रथिनं तयार होत असतात, त्यांचे बारीक तुकडे ती आपल्या अंगावर, बाहेरच्या बाजूला मांडून ठेवते. मारक पेशी दारोदार फिरून ते तुकडे तपासतात. घरचा तुकडा असला तर पुढे जातात. विषाणूचा निघाला, तर परफोरिन नावाच्या प्रथिनाने त्या पेशीला भोक पाडतात आणि ग्रॅन्झाइम नावाची प्रथिनं आत सोडतात. मग ती पेशी स्वतःच स्वतःला संपवते, आणि तिच्यात तयार होणारे विषाणूही तिच्याबरोबर जातात.

१९९९ साली अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. माकडांना होणारा एसआयव्ही हा एचआयव्हीचा भाऊबंद. आजारी माकडांच्या रक्तातून मारक पेशी काही दिवसांसाठी काढून टाकल्या, तर विषाणू उसळून वर आला. त्या पेशी परत आल्या, तसा तो पुन्हा खाली गेला. म्हणजे औषध नसतानाही लगाम कोणाच्या हातात होता, हे उघड झालं.

मग लगाम हातात असताना शेवट का करता येत नाही? कारण विषाणू ज्या पेशींत शिरतो, त्याच या लढाईच्या सूत्रधार असतात. रिपोर्टवर ज्यांचा आकडा तुम्ही दर वेळी बघता, त्या सीडी फोर पेशी. मारक पेशींना कामाला लावणं, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना मदत करणं, हे सगळं त्यांच्याकडे असतं. त्यांची संख्या घटत गेली की बाकीची फौज असूनही विस्कळीत होते. शिवाय विषाणू स्वतःची नक्कल करताना फार चुका करतो, आणि त्या चुकांतून त्याचा फायदाच होतो, कारण मारक पेशी जो तुकडा ओळखायला शिकल्या, तोच बदलून जातो. वर्षानुवर्षं असा पाठलाग करून त्या पेशी थकतात. हे थकणं मी अलंकार म्हणून लिहीत नाही. २००६ मध्ये दिसून आलं की अशा पेशींवर पीडी-१ नावाचा, ब्रेकसारखं काम करणारा रेणू वाढलेला असतो. कॅन्सरवरची काही नवी औषधं हाच ब्रेक सोडवून काम करतात.

पण ही सगळी कारणं बाजूला ठेवली, तरी एक मोठं कारण उरतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्यात आहेत, म्हणून त्यावर जरा थांबते.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणून शिवणाच्या भाषेत सांगते. हा विषाणू पेशीत शिरला की आपला मजकूर आधी डीएनएमध्ये उतरवतो आणि मग तो पेशीच्या स्वतःच्या जनुकांत शिवून टाकतो. असा शिवतो की तो टाका उसवता येत नाही. तुमच्या रोजच्या गोळीत तीन औषधं असतील, तर बहुधा टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर. पहिली दोन मजकूर उतरवू देत नाहीत, तिसरं शिवू देत नाही. म्हणून नवी पेशी बाधित होत नाही आणि रक्तातला विषाणू दिसेनासा होतो. पण गोळ्या सुरू होण्याआधी जे शिवून झालं आहे, त्याला ही तिन्ही औषधं हात लावू शकत नाहीत.

अशा बाधित पेशींपैकी बहुतेक मरतात. विषाणू बनवता बनवता मरतात किंवा मारक पेशींच्या हाती सापडतात. थोड्या मात्र वेगळ्या वाटेने जातात. काही सीडी फोर पेशी त्यांचं काम संपलं की विसावतात आणि स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं जगतात. एकदा येऊन गेलेला आजार शरीर पुन्हा ओळखतं, ते अशाच दीर्घायुषी पेशींच्या जिवावर. विषाणू शिवलेली एखादी पेशी अशी विसावली की तिच्यातला विषाणूही झोपतो. तो एकही प्रथिन बनवत नाही, म्हणून त्या पेशीच्या अंगावर त्याचा तुकडा येत नाही. मारक पेशी तिच्या दारावरून जाते, सगळं घरचंच दिसतं, आणि ती पुढे जाते. तिचं काहीच चुकलेलं नसतं.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, ताई. तुमच्या पेशी विषाणूला मारतात. झोपलेला विषाणू त्यांना दिसत नाही.

तुम्ही भांगलायला जाता, तेव्हा लव्हाळा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वरचं पातं खुरप्याने काढलं की रान स्वच्छ दिसतं. बांधावरून बघणारा म्हणेल, तण गेलं. पण जमिनीखाली गाठी असतात, आणि भांगलण थांबली, पाऊस पडला, की चार दिवसांत हिरवं वर येतं. व्हायरल लोडची तपासणी रक्तात फिरणारा विषाणू मोजते, म्हणजे वरचं पातं. खालच्या गाठी ती मोजतच नाही. ‘आढळला नाही’ याचा अर्थ भांगलण चोख चालू आहे. दिरांना समजावताना हेच सांगा. शेतकरी माणूस आहेत, जनुकांपेक्षा हे त्यांना लवकर पटेल.

या गाठी किती, हेही मोजून झालं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की चांगले उपचार चालू असलेल्या लोकांतही विसावलेल्या पेशींमधून जिवंत विषाणू जागा करता येतो. जागा होऊ शकेल असा विषाणू बाळगणारी पेशी साधारण दहा लाखांत एक, एवढी विरळ असते. २००३ मध्ये अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हिशेब मांडला की हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या वेगाने तो निव्वळ गोळ्यांवर संपायला ७३ वर्षांहून जास्त काळ लागेल. त्यात २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. या पेशी आपल्या नैसर्गिक सवयीने विभागतात, एकीच्या दोन होतात, आणि शिवलेला मजकूर आयता दोघींत जातो. लव्हाळ्याच्या एका गाठीला दुसरी फुटते तसंच हे. डॉक्टर ‘आयुष्यभर’ म्हणतात ते या हिशेबामुळे.

साठा फक्त रक्तात असतो असंही नाही. बराचसा लसिका ग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात असतो. ग्रंथींच्या आत काही कप्पे असे असतात की तिथे मारक पेशी फारशा जातच नाहीत. मेंदूतल्या काही पेशींतही विषाणू टिकून राहतो.

आता एक गोष्ट सांगते, ती मला स्वतःला फार विचार करायला लावते. मारक पेशी नुसत्या मारत नाहीत, त्या विषाणूला गप्पही बसवतात. १९८६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोचे संशोधक जे लेव्ही यांनी दाखवलं होतं की या पेशी बाधित पेशीला न मारताही विषाणूची वाढ रोखतात. पुढे २०१६ मध्ये, काही आठवड्यांचे औषधोपचार घेतलेल्या माकडांतून या पेशी काढून पाहिल्या, तर औषध चालू असतानाही विषाणू रक्तात दिसू लागला. म्हणजे गोळ्या एकीकडून आणि तुमच्या पेशी दुसरीकडून, अशी ती जोडीने धरलेली दोरी आहे. २०२० च्या प्रयोगात तर झोपलेल्या विषाणूला उठवणारं औषध दिलं, तेव्हा मारक पेशी जागेवर असलेल्या माकडांत तो उठलाच नाही. त्या काढल्यावर मात्र धडाधड उठला. उठवून मारायचं, हा बरं करण्याचा एक मोठा विचार आहे, आणि त्याच्या आड आपल्याच रक्षक पेशी येतात. त्या विषाणूची वाढ थोपवतात, आणि थोपवता थोपवता त्याच्या झोपेलाही पहारा देतात. तुमच्या मुलाला पुढे संशोधनात जायचं असेल, तर इथे खूप काम पडलं आहे.

‘काही लोकांना गोळ्यांशिवाय काही होत नाही’ असं कानावर आलं असेल, तर तेही खरं आहे, पण थोडक्यांच्या बाबतीत. शंभरात एकाहूनही कमी लोकांत विषाणू उपचारांशिवाय दबून राहतो. यातल्या बऱ्याच जणांत एचएलए बी ५७ किंवा बी २७ अशी विशिष्ट जनुकं असतात. तुकडे मांडण्याचं काम करतात ती हीच, आणि या दोन प्रकारांत विषाणूचे असे तुकडे मांडले जातात की ते बदलताना विषाणूचंच नुकसान होतं. २०२० मध्ये बोस्टनच्या गटाने अशा ६४ लोकांच्या पेशी तपासल्या, तर टिकून राहिलेला विषाणू बऱ्याच वेळा जनुकांच्या ओसाड भागात शिवलेला आढळला, जिथून जागं होणं अवघड. बहुधा जागे होऊ शकणारे सगळे मारक पेशींनी वर्षानुवर्षं वेचून मारले आणि ओसाडीतले तेवढे उरले. त्याच अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या लोरीन विलेनबर्ग या बाईंच्या दीडशे कोटी पेशी तपासूनही धड विषाणू सापडला नाही. हे जन्मासोबत आलेलं वाण आणि योगायोग, दोन्ही आहे. निश्चय करून किंवा चांगलं खाऊन ते मिळत नाही. तुमचा सीडी फोर २१० वर आला होता, यावरून तुम्ही त्या थोडक्यांत नाही, हे स्पष्ट आहे. त्यात कमीपणा कसला? शंभरातले नव्याण्णव तुमच्यासारखेच असतात.

आणि ‘एक महिना बघू का’ याबद्दल मला एका बाळाची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०१० साली एका बाधित आईला मूल झालं. जन्मानंतर ३० तासांत त्याला औषधं सुरू झाली. साधारण दीड वर्षाचं झाल्यावर औषधं सुटली, आणि तरीही विषाणू परत आला नाही. महिने गेले, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. जगभर बातमी झाली की मूल बरं झालं. एवढ्या लवकर औषध, एवढा लहान साठा, सगळ्या तपासण्या कोऱ्या. २७ महिन्यांनी, २०१४ च्या जुलैत, रक्तात विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. कुठल्या तरी एका पेशीत तो इतके दिवस झोपला होता. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या ओपीडीत कोणीच फारसं बोललं नाही, हे मला अजून आठवतं.

तुमचा साठा त्या बाळापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण उपचार सुरू होण्याआधी बरीच वर्षं गेली होती. गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत वर येतो. तुम्ही ‘बघायला’ ठेवलेल्या महिन्याच्या आतच. आणि हे करून झालेलं आहे. स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५,४७२ लोक होते. त्यातल्या निम्म्यांना सीडी फोर चांगला असताना औषध थांबवून, तो घटला की पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं. थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले, म्हणून २००६ मध्ये तो मध्येच आवरावा लागला. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे त्रासही वाढले होते. हा प्रयोग हजारो लोकांनी आपल्या जिवावर करून ठेवला आहे, तुम्ही पुन्हा करू नका. शिवाय कावीळ ‘बी’चा विषाणू अंगात असेल, तर तुमच्या गोळीतली दोन औषधं त्यालाही दाबून धरतात. ती अचानक सुटली, तर यकृताला मोठा झटका बसू शकतो.

चूर्णाचं म्हणाल, तर शिवलेला टाका उसवणारं चूर्ण, काढा, भस्म असं काहीही आज जगात नाही. ज्या मोजक्या लोकांचा एचआयव्ही खरोखर गेला, त्यांतले पहिले बर्लिनमध्ये उपचार झालेले टिमोथी रे ब्राऊन. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता. २००७ आणि २००८ मध्ये दोनदा त्यांच्यावर मूळपेशींचं रोपण झालं, तेही अशा दात्याकडून, ज्याच्या पेशींवर विषाणूला आत घेणारी सीसीआर फाइव्ह ही कडीच नव्हती. त्या उपचारात जीव जाण्याचा धोका इतका असतो की कॅन्सर नसलेल्या माणसावर तो कोणी करत नाही. ‘चाळीस दिवसांत’ असं जो सांगतो, तो तुमच्या भीतीचे पैसे करतो आहे. याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आणखी एक. शिवणकामाने पाठ दुखते म्हणून किंवा अशक्तपणासाठी कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या घेत असाल, तर एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सेंटरच्या डॉक्टरांना सांगा. उपाशीपोटी एकत्र घेतल्या तर त्या डोलुटेग्राविरला अंगात नीट लागू देत नाहीत. जेवणासोबत दोन्ही घेतल्या तर चालतं. आम्लपित्तावरच्या पांढऱ्या औषधाच्या मात्र दोन तास आधी किंवा सहा तास नंतर गोळी घ्या. टीबीचं औषध कधी सुरू झालं, तर डोस बदलावा लागतो, तेव्हा तिथे एचआयव्हीची गोळी चालू असल्याचं लपवू नका.

ताट-वाटीचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, पण मला पत्रात तेच सगळ्यात जास्त लागलं. एकत्र जेवल्याने, एका तांब्याचं पाणी प्यायल्याने, पापा घेतल्याने एचआयव्ही जात नाही. उपचार नसतानाही जात नाही. आणि तुमचा रिपोर्ट जसा आहे, तसा रिपोर्ट असणाऱ्यांकडून शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या जोडप्यांच्या अभ्यासात निरोध न वापरताही एकही लागण अशा जोडीदाराकडून झालेली आढळली नाही. त्याआधी २०११ मध्ये ज्या अभ्यासाने उपचारांमुळे लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं, त्यात पुण्यातली जोडपीही होती. आज रात्री तुमचं ताट बाकीच्या ताटांत मिसळून ठेवा. मुलाला ते वेगळं का असतं हे दिवाळीपासून कळलेलं आहे आणि तो रोज बघतो आहे.

पुढच्या तारखेला सेंटरवर जाताना त्याला सोबत न्या. त्याचे प्रश्न तिथल्या समुपदेशकांना विचारू द्या, तुम्हाला एकटीला उत्तरं द्यायची गरज नाही. आणि झोप अजूनही लागत नसेल, तर तेही तिथे सांगा, की हा औषधाचा परिणाम आहे की काळजीचा. डोलुटेग्राविरने काहींची झोप जाते, आणि ती गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊन बऱ्याच जणांना फरक पडतो. वेळ बदलण्याआधी मात्र विचारून घ्या. तारखेला अवकाश असेल, तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.